पणजोबांच्या ट्रंकेतली मेडलं खरी की खोटी? आधी कड वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातलं जुनं घर उतरवताना पत्र्याची ट्रंक निघाली. आत घोडेस्वाराचं चांदीसारखं एक मेडल, पंख असलेल्या बाईचं एक पिवळं मेडल, दोन चांदण्या (एकीवर बर्मा असं इंग्रजीत), मराठा पलटणीचा बिल्ला, कापडी पट्टा आणि १९१७ साल कोरलेलं पितळी होकायंत्र. आजी सांगतात, पणजोबा फ्रान्सला लढले. एक जण चांदीच्या भावाने सगळं घ्यायला तयार आहे. दुसरा म्हणतो, यात होकायंत्रच तेवढं मोलाचं. खरं-खोटं कसं ठरवायचं?

दोघांपैकी कोणालाही आज काही देऊ नका. होकायंत्र बहुतेक अलीकडचं आहे, त्याच्याकडे शेवटी येतो. तुमचा ऐवज मेडलांच्या कडेवर आहे. आणि या ट्रंकेत एका नव्हे, दोन माणसांच्या वस्तू दिसतात. घोडेस्वार आणि पंखवाली बाई ही पहिल्या महायुद्धाची मेडलं, बर्मा लिहिलेली चांदणी, म्हणजे बर्मा स्टार, दुसऱ्याचं. पणजोबा आणि आजोबा, किंवा पणजोबा आणि त्यांचा पुतण्या, असं काहीतरी असणार. सगळं एकाच्या नावावर घातलं की पुढचा प्रत्येक शोध फसतो, म्हणून आधी दोन ढीग करा.

त्याआधी एक पथ्य. चिंच, लिंबू, राख, पितांबरी यातलं काहीही लावायचं नाही. कडेवरची अक्षरं जेमतेम केसभर खोल असतात. दर दिवाळीला देवाच्या भांड्यांबरोबर घासलेल्या मेडलावर पलटणीचा आकडाच गेलेला असतो, आणि तो गेला की उरते नुसती धातूची चकती. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, तेवढं पुरे. पितळ किंवा ब्राँझवर फिकट हिरवी पावडर सुटत असेल तर ती वस्तू बाकीच्यांपासून वेगळी, कोरड्या जागी ठेवा. सोलापूरच्या कोरड्या हवेत हा त्रास कोकणापेक्षा कमी होतो, पण ओल आलेल्या भिंतीला टेकून राहिलेल्या ट्रंकेत होतोच. मऊ प्लास्टिकच्या पिशव्याही टाळा. त्या काही वर्षांत चिकट होतात आणि धातूवर हिरवे डाग पाडतात.

आता कड. मेडल दोन बोटांत उभं धरा, टॉर्च अगदी बाजूने, जवळजवळ कडेला समांतर मारा आणि दहापट भिंगातून फिरवत वाचा. घोडेस्वाराच्या आणि पंखवाल्या बाईच्या मेडलावर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण असा क्रम मिळायला हवा. हुद्दे सहसा तोडून लिहिलेले असतात. शिपाई आणि नाईक पूर्ण दिसतात. हवालदार, जमादार, सुभेदार यांची मधली अक्षरं गाळलेली असतात. अक्षरं झिजली असतील तर कडेभोवती पातळ कागदाची पट्टी गुंडाळून तिच्यावर मऊ पेन्सिल हलक्या हाताने फिरवा. डोळ्याला न दिसणारा आकडाही पुष्कळदा उमटतो. पीठ किंवा खडू भरू नका, खाचेत अडकून बसतो.

नाव वाचताना मराठी कान बाजूला ठेवा. कारकुनाने ऐकलं तसं इंग्रजीत लिहिलं आहे. जाधवचा जाधाव, यशवंतचा येसवंत, आडनाव गायब, बापाचं नाव आडनावाच्या जागी, हे सगळं चालतं. स्पेलिंग घरच्या कागदांशी जुळत नाही म्हणून मेडल परकं ठरवू नका. जुळायला हवेत नंबर आणि पलटण, दोन्ही मिळून. त्या काळचे नंबर पलटणीपुरते असत, त्यामुळे एकच नंबर वेगवेगळ्या पलटणींत वेगवेगळ्या माणसांना मिळालेला असू शकतो.

पलटणीचं नाव हीच पहिली कसोटी. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या क्रमांकांच्या होत्या. १९२२ च्या फेररचनेत त्या एकत्र येऊन पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली: १०३ ची पहिली बटालियन, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी, आणि ११४ प्रशिक्षणाची दहावी. तेव्हा घोडेस्वाराच्या मेडलावर १०५ किंवा ११० दिसणं स्वाभाविक आहे, पण १९१५ मध्ये शहीद झालेल्या माणसाच्या नावापुढे पाचवी मराठा असेल तर थांबून विचार करायला हवा. महार सैनिकांची १११ वी पलटण १९१७ ची, १९२१ मध्ये मोडली. महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली ती १ ऑक्टोबर १९४१ ला, बेळगावात. पहिल्या युद्धाच्या मेडलाबरोबर महार रेजिमेंटचा बिल्ला एकाच माणसाचा म्हणून कोणी दाखवला तर तिथेच सांधा उघडा पडतो.

आजींच्या फ्रान्सच्या गोष्टीचाही निकाल इथेच लागेल. कडेवर १०३, ११० किंवा ११७ निघाली तर मेसोपोटेमिया समजा, म्हणजे आजचा इराक. कूत-अल-अमाराच्या वेढ्यात या तिन्ही पलटणी अडकल्या होत्या आणि २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या फौजेने शरणागती पत्करली. घराघरांत ‘समुद्रापलीकडे’ याचं हळूहळू ‘विलायत’ आणि मग ‘फ्रान्स’ होतं. त्यात खोटेपणा नसतो, पण विकणारा तीच गोष्ट छापील कागदावर लिहून देतो तेव्हा किंमत वाढवतो.

दुसरी कसोटी संचाची, आणि ती नकली मेडलांपेक्षा जास्त वेळा उपयोगी पडते. आपल्या भागात ओतीव मेडलं फिरतात, पण त्याहून जास्त फिरतात ती खरी मेडलं खोट्या जोड्या लावून. तीन वेगवेगळ्या माणसांची मेडलं एका पट्टीवर टाचून ‘वीराचा संच’ करतात. ओळखायचे नियम सोपे आहेत. १९१४ स्टार आणि १९१४-१५ स्टार हे दोन्ही एकाच माणसाला मिळत नसत. १९१४ स्टार फक्त ५ ऑगस्ट ते २२ नोव्हेंबर १९१४ मधल्या फ्रान्स-बेल्जियमच्या सेवेचा. स्टार असेल तर सोबत घोडेस्वार आणि पंखवाली बाई असायलाच हवी, स्टार एकटा मिळत नाही. घोडेस्वार एकटा असू शकतो. तुमच्याकडे घोडेस्वार आणि पंखवाली बाई दोन्ही आहेत, पण पहिल्या युद्धाचा स्टार नाही. म्हणजे एकतर माणूस १९१५ नंतर युद्धभूमीवर गेला किंवा स्टार घरातून हरवला, ही दोन्ही उत्तरं शक्य आहेत. आणि दोन्ही मेडलांच्या कडेवर नंबर-नाव एकच हवं. वेगळं निघालं तर ती खरीच आहेत, फक्त जोडी बनावट.

दुसऱ्या युद्धातही असंच. बर्मा स्टार आणि पॅसिफिक स्टार एकाला दोन्ही देत नसत. दुसऱ्याचा हक्क असेल तर पहिल्याच्या फितीवर पट्टी चढायची. तुमची दुसरी चांदणी बहुधा १९३९-४५ स्टार असेल, कारण बर्मा स्टारसोबत तो असणं हेच अपेक्षित आहे. शिवाय सिंह दोन तोंडांच्या राक्षसी सरड्यावर उभा असलेलं वॉर मेडल आणि हिंदुस्थानचा नकाशा असलेलं इंडिया सर्व्हिस मेडल घरात कुठे आहे का बघा. देव्हारा, शिवणयंत्राचा खण, लहान मुलांच्या खेळण्यांचा डबा, अशा ठिकाणी ती सापडतात. या काळातली मेडलं निनावीही भरपूर आहेत. ब्रिटिश सैनिकांना ती निनावीच दिली जात, भारतीय सैनिकांच्या काहींवर नाव मिळतं. त्यामुळे निनावी चांदणी नकली ठरत नाही. ती तुमच्याच आजोबांची होती हे मात्र मग कागदांनीच सिद्ध करावं लागतं.

आता धातू. घोडेस्वाराचं मेडल स्टर्लिंग चांदीचं, म्हणजे हजारात ९२५ टंचाचं, आणि व्यास ३६ मिलिमीटर. व्हर्नियर कॅलिपरने निदान चार ठिकाणी मापा. खऱ्या मेडलावरून साचा काढून ओतलेली प्रत थंड होताना आकसते आणि ३५.३ ते ३५.६ च्या आसपास भरते. चारही मापं सारखी पण कमी, तर ओतीव. व्यास फक्त नावाच्या जागी कमी आणि बाकी पूर्ण, तर जुनं नाव कानशीने घासून नवं घातलंय. या फेरनावाच्या मेडलांत चकती खरी, चांदी खरी, ठसा खरा, म्हणून भले भले फसतात. भिंगातून अक्षराच्या काठाकडे बघा. पंचाने ठोकलेल्या अक्षराभोवती धातू किंचित उचललेला असतो आणि अक्षराचा तळ सपाट येतो. कोरणीने कोरलेल्याचा तळ व्ही आकाराचा, चकाकता. ओतिवाची अक्षरं साबणाच्या वडीवरच्या नावासारखी गोलसर, काठ मेलेला, आणि आजूबाजूला सुईच्या टोकाएवढे खड्डे. अक्षरांचं वळण ताडताना भारतीय पलटणीच्याच दुसऱ्या मेडलाशी तुलना करा. ब्रिटिश पलटणीच्या मेडलाशी केली तर खरंही खोटं वाटेल.

चांदी घरीच तपासता येते. फीत काढा. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर मेडल आधी कोरडं तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा आणि बारीक दोऱ्याला बांधलेलं मेडल तळाला किंवा काठाला न टेकवता पूर्ण बुडवा. काटा जो आकडा दाखवेल त्याने कोरड्या वजनाला भागा. स्टर्लिंगचं उत्तर १०.३ च्या जवळपास येतं, तांबं-निकेलच्या मिश्रधातूचं ८.९, जस्ताच्या ओतिवाचं ७ च्या आत. उदाहरणार्थ, ३२ ग्रॅमचं मेडल चांदीचं असेल तर पाण्यात काटा साधारण ३.०९ दाखवेल आणि तांबं-निकेलचं असेल तर ३.६०. बुडबुडे चिकटले की उत्तर कमी येतं, म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब टाका. लोहचुंबक आधी लावून बघायला हरकत नाही. या चारही मेडलांपैकी एकही चुंबकाला चिकटता कामा नये.

सराफाकडे नेलंत तर फक्त मशीनवर टंच काढून मागा. कसोटीच्या दगडावर घासू देऊ नका. सराफ हाताच्या सवयीने कडच घासतो, आणि आपलं सगळं कडेवर आहे.

एक जण चांदीच्या भावाने मागतोय म्हणून सांगतो. १९७९-८० मध्ये चांदी भडकली तेव्हा घोडेस्वाराची असंख्य मेडलं मोडीत गेली. म्हणून मेडलाची किंमत वजनाने होत नाही. हेच मेडल ब्राँझमध्येही निघालं होतं, सुमारे १ लाख १० हजार, तर चांदीची ६० लाखांच्या वर. ब्राँझचं ज्यांना मिळालं ते मजूर तुकड्यांतले आणि छावणीबरोबरचे कामकरी लोक होते. घरोघरी ‘हे तांब्याचं, कमी प्रतीचं’ म्हणून ते पोरांना खेळायला दिलं गेलं, आणि आज संग्राहक चांदीपेक्षा त्याच्याच मागे असतात. घोडेस्वाराच्या मेडलावर १९१४ आणि १९१८, तर पंखवाल्या बाईच्या मागे १९१४-१९१९ असं असतं. सालं जुळत नाहीत म्हणून एक नकली, असं कोणी म्हणाला तर त्याला या विषयातलं काही कळत नाही.

फीत हा सोलापूरकरांच्या हातचा मळ. आतल्या दुमडीतून एक धागा ओढा आणि जाळा. सुती धागा कागदासारखा वास देत राख होतो, रेशीम केस जळल्यासारखं, आणि पॉलिएस्टर वितळून काळा टणक मणी होतो. मणी झाला तर फीत नंतरची. अतिनील टॉर्च असेल तर अंधारात मारा: निळसर पांढरी झळाळी म्हणजे धाग्यात चमक आणणारं रसायन, जे कापडात सर्रास आलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. पण इथे एक खोच आहे. जुनी सुती फीत किंवा कापडी पट्टा कोणी आजच्या डिटर्जंटमध्ये धुतला असेल तर तोही झळाळतो. म्हणून टॉर्चचा पुरावा एकट्याने धरायचा नाही, धागा जाळून पडताळायचा. आणि नवी फीत म्हणजे नकली मेडल असंही नाही. रेशमी फिती कुजतात, कुणीतरी प्रेमाने बदललेल्या असतात. जुनी मळकी फीत असेल तर ती राहू द्या, फाटली असली तरी.

बिल्ल्यावर कोणतं मुद्राचिन्ह आहे ते बघा. युद्धकाळच्या बिल्ल्यावर राजाचा मुकुट आणि मराठाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एच हे अक्षर आरच्या आधी (Mahratta). अशोकस्तंभाचे सिंह असतील तर बिल्ला १९५० नंतरचा. तेही वाईट नाही, घरातला आणखी कोणी फौजेत होता एवढंच कळतं. ठशाने दाबलेल्या बिल्ल्याच्या मागे समोरच्या नक्षीचा उलटा खोलगट आकार दिसतो. मागून सपाट, जड आणि खडबडीत असेल तर ओतीव.

होकायंत्र. त्यावर जी कंपनी कोरली असेल ती वाचा. बाजारातल्या बहुतेकांवर ‘केल्विन अँड ह्यूजेस, लंडन, १९१७’ असतं. ही कंपनी या नावाने झाली १९४७ मध्ये, दोन जुन्या कंपन्या एकत्र येऊन. म्हणजे १९१७ च्या यंत्रावर ते नाव असूच शकत नाही. मुरादाबाद-रुडकीकडची ही पितळी कामं शोभेची म्हणून छान आहेत, पुण्याच्या जुन्या बाजारात ढिगाने मिळतात, आणि शिसवी पेटी व कातडी वेष्टण घातलं की एका रात्रीत शंभर वर्षांची होतात. सरकारी मालावर बाणाची खूण असते, भारतीय मालावर बाणाखाली आय. पण नुसत्या बाणावर जाऊ नका, तो पंच कोणीही विकत घेतो. खाचेच्या तळाला भिंगातून बघा. भोवतीचं पितळ काळवंडलेलं आणि खाचेत पिवळीधमक चमक, तर बाण नवा. यंत्र खरंच जुनं निघालं आणि आकडे अंधारात चमकण्यासाठी रंगवलेले असतील तर ते उघडू किंवा खरवडू नका. तो लेप रेडियमचा असू शकतो, आणि चमक विझली तरी किरणोत्सार राहतो.

सोलापुरात आणखी एक प्रकार समोर येऊ शकतो म्हणून जाता जाता. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या गावचे, १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले. त्यांच्या नावावर कोणी चिनी बिल्ला किंवा पदक दाखवलं तर आधी त्यावरचा मजकूर चिनी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या. लोकप्रजासत्ताकाचं नाव असेल तर वस्तू १ ऑक्टोबर १९४९ नंतरची. आझाद हिंदच्या वस्तूंना याहून जास्त जपा. त्यांची जर्मनीत छापलेली टपाल तिकिटं टपालात कधी वापरात आलीच नाहीत, तेव्हा युद्धकाळचा टपाली शिक्का बसलेला लिफाफा दिसला की हात मागे घ्या. जर्मनीकडच्या आझाद हिंद पदकांच्या आणि उडी मारणाऱ्या वाघाच्या बाही-बिल्ल्याच्या युद्धोत्तर प्रती इतक्या आहेत की कागदपत्रांशिवाय आलेली वस्तू मी प्रत समजूनच चालतो. व्हिक्टोरिया क्रॉसचंही तेच. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या मराठा वीरांना तो इटलीतल्या लढाईसाठी मिळाला, पण कुठल्या पेटीतून ‘सापडला’ म्हणून विकायला आलेला क्रॉस शोभेची प्रत असतो.

कागद शोधा. डिस्चार्ज सर्टिफिकेट, पेन्शनचं पुस्तक, मनिऑर्डरच्या पावत्या, गणवेशातला फोटो. फोटोत छातीवरच्या फितींचा क्रम मेडलांशी ताडून बघा. माणूस युद्धात मरण पावला असेल तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन) नोंद ऑनलाइन शोधता येते. मेसोपोटेमियात मरण पावलेल्यांसाठी बसरा स्मारक, ब्रह्मदेशासाठी रंगून स्मारक. आडनाव न घालता नंबर आणि पलटणीवरून शोधा. पहिल्या युद्धात मरण पावलेल्याच्या घरी सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची ब्राँझची तबकडीही आलेली असते, तिच्यावर नाव उठावात, हुद्दा मुद्दाम नसलेला. ती पुष्कळ घरांत झाकण म्हणून वापरात असते. बेळगावचं मराठा रेजिमेंटल सेंटर आणि आपलं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, दोन्हीकडे लेखी अर्ज करा, नंबर-पलटण घालून. मूळ गाव वेगळं असेल तर तिथल्या चावडीत किंवा शाळेत संगमरवरी पाटी आहे का बघा: या गावातून इतके पुरुष १९१४-१९१९ च्या महायुद्धात गेले, इतक्यांनी प्राण दिले. नावं नसतात, आकडेच असतात, तरी गावातून भरती झाली होती याचा तो सरकारी पुरावा.

ट्रंकेच्या तळाशी काडतूस, बाँबसारखं काही किंवा संगीन निघाली तर नियम वेगळे. बाँब रिकामा दिसला तरी उचलू नका, तळाचं झाकण फिरवू नका, खोली रिकामी करून ११२ ला फोन करा. जिवंत काडतूस आणि बंदूक परवान्याशिवाय घरात ठेवता येत नाही, आजोबांची असली तरी. संगीन शस्त्र कायद्याच्या यादीत आहे, म्हणून ती विकण्या-पाठवण्याआधी पोलीस ठाण्यात विचारा. पहिल्या युद्धाच्या वस्तूंनी आता शंभरी ओलांडली आहे आणि १९७२ चा पुरावशेष कायदा शंभर वर्षांची रेघ धरतो. परदेशातला ग्राहक कितीही देत असला तरी पुरातत्त्व खात्याकडून लेखी उत्तर आल्याशिवाय पार्सल करू नका.

कोणाला दाखवायचं असेल तर मेडल पाठवू नका, फोटो पाठवा. पुढची बाजू आणि मागची बाजू याने काही कळत नाही, ती सगळ्यांची सारखीच. कडेचे चार फोटो हवेत, प्रत्येकी पाव फेरा, शेजारी मिलिमीटरची पट्टी, उजेड बाजूने आणि फ्लॅश बंद. चौथा फोटो लोक आळसाने सोडतात, आणि पलटणीचा आकडा ओळीच्या शेवटी असल्याने नेमका त्यातच राहतो.